डॉ. वसंत रामजी खानोलकर

मुंबईच्या परळ भागात २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि कर्करोगाने पीडलेले लोक दूरदूरच्या प्रांतांतून तेथे येऊ लागले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. रोगामुळे शरीराच्या अवयवांत होणारे फरक ज्या शास्त्रात अभ्यासतात, त्या विकृतिशास्त्रात त्यांनी १९२३ साली लंडन विद्यापीठाची एम. डी. ही पदवी संपादन केली होती, आणि पुढे मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत अनेक वर्षे अध्यापनही केले होते.

विकृतिशास्त्रज्ञाचे काम बहुधा सूक्ष्मदर्शकापुढे चालते. रोगट मांसाचा पातळ काप पाहून तो निदान करतो. रोगी कोण, कोठला, याच्याशी त्याला फारसे कर्तव्य नसते. वसंतरावांनी मात्र रोग्याचा प्रांत, समाज, पोशाख व व्यसन यांचाही विचार केला. कर्करोग हा प्रगत पाश्चात्त्य देशांचा रोग असून हिंदुस्थानात तो विरळाच, असा समज त्या काळी पुष्कळांचा होता. रोगी तर डोळ्यांपुढे होते. आणि गरीब माणूस आपल्या दुखण्याचा बोल प्राक्तनाला लावून गप्प बसत असे.

१९४५ साली वसंतराव व त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी चालीरीतींतून उद्भवणाऱ्या कर्करोगाच्या तीन प्रकारांचे वर्णन प्रसिद्ध केले. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्ट्याचे, म्हणजे जाड विडीचे, जळते टोक तोंडात धरून ओढण्याची चाल होती; तेथे रोग टाळूला होई. बिहारकडे खैनी ओठाच्या आत दाबून ठेवीत. तेथे तो नेमका त्याच जागी उठे. आपल्या जळकोटकडे तंबाखूला चुना लावून तळहातावर मळतात, ती खैनीहून निराळी नव्हे. तिसरा प्रकार धोतराचा. वर्षानुवर्षे कमरेच्या एकाच जागी धोतर घट्ट आवळल्याने तेथील कातडी काचते, तिचा रंग उडतो आणि क्वचित तेथे कर्करोग होतो.

पण सारीच कोडी अशी उलगडत नव्हती. एकाच मुंबईत राहणाऱ्या स्त्रियांपैकी पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक आढळे, तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाचा. हवा तीच, पाणी तेच. मग हा भेद कशाने पडावा?

रोगाचा नकाशा काढून त्याचे कारण शोधण्याचा असाच उद्योग पुढे आफ्रिकेतही झाला. युगांडात डेनिस बर्किट नावाच्या आयरिश शस्त्रवैद्याला लहान मुलांच्या जबड्यांवर मोठमोठ्या गाठी दिसत. तो लसीका-पेशींचा कर्करोग होता. १९६१ साली बर्किटने जुन्या मोटारीतून सुमारे सोळा हजार किलोमीटर प्रवास केला आणि हिवतापाच्या उष्ण, पावसाळी मुलुखातच हा रोग होतो असे ताडले. १९६४ साली लंडनमध्ये एप्स्टाइन, अचाँग व बार यांना त्या गाठींच्या पेशींत एक विषाणू सापडला. हा विषाणू जगभर बहुतेक माणसांच्या शरीरात असतो; परंतु वारंवार येणाऱ्या हिवतापाने ज्यांची प्रतिकारशक्ती खचते, अशा मुलांतच बहुधा तो घात करतो. रोगाचे बीज सर्वत्र असून पीक मात्र एखाद्याच प्रदेशात यावे, असा हा प्रकार!

वसंतरावांची दृष्टी एका रोगापुरती नव्हती. कुष्ठरोगाचे जंतू प्रारंभीच मज्जातंतूंत कसे शिरतात, याचाही त्यांनी अभ्यास केला. १९५२ साली परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले, ते त्यांच्याच पुढाकाराने. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगामागेही विषाणूच असतो, हे जर्मनीतील हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या १९८३ च्या शोधाने उजेडात आले. तो विषाणू रोखणारी लस आता तुमच्या वयाच्या मुलींना देता येते.