छातीवरचा बिल्ला आणि डॉ. होमी भाभा

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीवर लिहून द्या, असा निरोप मंडळाकडून आला तेव्हा मला पहिले नाव सुचले ते डॉ. होमी भाभांचे. मानेसरला आपण बहुतेक जण मोटारीच्या कारखान्यांमुळे आलो. माझेही यजमान त्याच कारणाने आले, आणि मी इथल्या एका रुग्णालयात एक्स-रे विभागात लागले. कामावर असताना माझ्या छातीवर एक छोटा बिल्ला असतो. तो ओळखपत्र आहे असे पुष्कळांना वाटते.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुखवस्तू पारशी घराण्यात झाला. वडिलांनी केंब्रिजला पाठवले ते इंजिनिअर होण्यासाठी. मुलाचा ओढा पदार्थविज्ञानाकडे. त्यांनी आधी वडिलांच्या मनासारखी परीक्षा दिली आणि मग स्वतःच्या मनासारखे शिकले. अवकाशातून पृथ्वीवर सतत येणारे वैश्विक किरण हा त्यांचा विषय. असा एक वेगवान कण पदार्थात शिरला की त्यापासून अनेक कण निर्माण होतात, प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी शक्ती येते आणि शेवटी ती संपते. १९३७ साली हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी याचे गणित मांडले. मला त्यातले गणित कळत नाही, पण किरण पदार्थात शिरल्यावर त्याचे काय होते, हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे. माझा शिशाचा एप्रन त्याच प्रश्नाचे साधे उत्तर आहे.

१९३९ मध्ये ते सुट्टीवर भारतात आले, युद्ध सुरू झाले आणि ते इथेच राहिले. पुढचे सर्वांना माहीत आहे : बंगलोरला सर सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत काम, १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९४८ साली अणुऊर्जा आयोग, १९५४ साली तुर्भे येथील केंद्र. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तिथे अप्सरा ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. तिचा गाभा पाण्याच्या खोल हौदात सोडलेला होता. ते पाणी भट्टी थंड ठेवी आणि काठावर उभ्या असलेल्या माणसाचे किरणांपासून रक्षणही करी.

भाभा चित्रे काढीत, पाश्चात्य संगीताचे दर्दी होते, इमारतीच्या आड येणारे झाड तोडण्याऐवजी मुळासकट हलवायला लावीत. पण मला त्यांचा १९६० सालचा दंडक अधिक मोठा वाटतो. किरणोत्सारी पदार्थ अशा रीतीने हाताळावेत की कामगाराला किंवा अन्य कोणालाही इजा होणार नाही, आणि देशातल्या इतर संस्थांनी कित्ता गिरवावा असे ते काम असावे, ही त्यांची अपेक्षा होती. देशभरातल्या एक्स-रे कर्मचाऱ्यांना बिल्ले देण्याची सेवाही त्यांच्याच काळात सुरू झाली. तेव्हा बिल्ल्यात फोटोची फिल्म असे. आता टीएलडी असतो. त्यातल्या चकत्या प्रयोगशाळेत तापवल्या की प्रकाश देतात, आणि त्या प्रकाशावरून तीन महिन्यांत अंगावर किती किरण पडले ते मोजतात.

आता जरा स्वतःचे सांगते. माझी पहिली नोकरी दुसऱ्या गावी एका लहान दवाखान्यात होती. बिल्ले हरवले तर पैसे भरावे लागतील म्हणून ते साहेबांच्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद. रिपोर्ट अर्थातच दर वेळी उत्तम! रडणारी लहान मुले फोटोसाठी मीच धरून ठेवायची, कधी एप्रन घालून, कधी न घालता. त्याच वर्षी मला दिवस गेले. मुलगी सुखरूप आहे, परवाच्या आरतीत झांजा तीच वाजवीत होती. पण ते नऊ महिने मी कशा काळजीत काढले ते माझे मलाच ठाऊक. त्या दोन वर्षांत मला किती किरण लागले हे आता कोणीही सांगू शकणार नाही. ड्रॉवरला किती लागले, ते मात्र कागदावर आहे.

आपल्याकडून जेमतेम दीड तासावर दिल्लीची मायापुरी आहे. एप्रिल २०१० मध्ये तिथल्या भंगार बाजारात कोबाल्ट-६० निघाले. एका विद्यापीठाने वापरात नसलेले जुने यंत्र लिलावात विकले होते. भंगारवाल्यांनी ते निव्वळ धातू म्हणून फोडले. एक कामगार गेला, इतर काहींना रुग्णालयात ठेवावे लागले. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून होते, नियम होते, पण त्या यंत्राची आठवण कोणालाच राहिली नव्हती.

डॉ. भाभांचे निधन २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लांक पर्वतावरच्या विमान अपघातात झाले. वय अवघे छप्पन्न. पुढच्याच वर्षी तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचे नाव दिले गेले.

सप्टेंबरअखेर आमची तिमाही संपते. गणपती उठले की बिल्ले गोळा करून पाठवण्याचे काम माझ्याकडे आहे. नव्याने लागलेल्या मुलीचा बिल्ला परवा पर्समध्ये सापडला, तो मी स्वतः तिच्या एप्रनच्या आत, छातीशी लावून दिला.