दख्खनचे निसर्गसंशोधक कर्नल साइक्स

गावावर घिरट्या घालणारी घार सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु शास्त्रीय ग्रंथांत भारतातील घारीच्या लॅटिन नावाच्या शेवटी ‘गोविंदा’ असा शब्द असतो, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. हे नाव ठेवणारे गृहस्थ महाराष्ट्रातील नव्हते. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातील एक इंग्रज अधिकारी होते.

विल्यम हेन्री साइक्स यांचा जन्म इ. स. १७९० मध्ये इंग्लंडात झाला. ज्या वयात मुले शाळेत असतात त्या वयात ते मुंबईच्या फौजेत भरती झाले. लवकरच ते हिंदुस्थानी व मराठी भाषा शिकले. इ. स. १८१७ च्या खडकीच्या लढाईत ते इंग्रजांच्या बाजूने लढले. ज्या युद्धात पेशवाई बुडाली, तेच युद्ध हे. पुढे ज्या प्रदेशाचा त्यांना एवढा लळा लागला, त्या प्रदेशात ते प्रथम तलवार घेऊन आले होते, हे विसरता येत नाही.

औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. त्याच्या जवळच वेरूळची लेणी आहेत. ती पाहून साइक्स यांनी लिहिलेले वर्णन इ. स. १८२३ मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात प्रसिद्ध झाले.

इ. स. १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी दख्खनची सर्व प्रकारची माहिती गोळा करण्याच्या कामी त्यांची नेमणूक केली. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या जिल्ह्यांतील माणसे, शेते, पिके, हवामान यांची मोजदाद करावयाची होती. नव्याने जिंकलेल्या मुलखाचा कारभार चालविण्यास सरकारला ती हवी होती. साइक्स मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. माळरानावर, नदीकाठी, घाटातील रानांत जे जे पशुपक्षी आढळत, त्यांचे नमुने ते जमवू लागले. त्या काळी छायाचित्रे घेण्याची सोय नव्हती. पक्षी मारावा, त्याचे कातडे सोडवावे, पेंढा भरून ते टिकवावे, हीच रीत होती. आज ती क्रूर वाटते, आणि ती क्रूर होतीच. पण साइक्स केवळ कातडी जमवीत नसत. पक्ष्याच्या पोटात किडे निघाले की धान्य, याचीही ते टिपणे ठेवीत.

पाच वर्षे काम झाले आणि इ. स. १८२९ च्या अखेरीस सरकारने काटकसरीसाठी ती कचेरीच बंद केली. काम अर्धवट होते. दुसरा कोणी असता तर पलटणीत परत गेला असता. साइक्स यांनी लष्करातून रजा मागितली, जादा वेतन नाकारले आणि आणखी एक वर्ष खपून इ. स. १८३१ च्या आरंभी सर्व काम पुरे केले.

त्याच वर्षी ते मायदेशी गेले. दख्खनच्या पशूंची आणि पक्ष्यांची त्यांनी तयार केलेली यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने इ. स. १८३१ व १८३२ मध्ये छापली. ओढ्याकाठी निश्चल उभा राहणारा वंचक, बांधावरच्या झुडपात वटवट करणारा राखी वटवट्या, कपारीत मातीचे घरटे बांधणारी धुरकट पाकोळी, यांचे पहिले शास्त्रीय वर्णन त्यांचेच. एका रातव्याच्या नावात तर त्यांनी मराठ्यांच्या देशाचे नाव गोवले. अर्थात त्यांची सारीच मते टिकली नाहीत. कोळसून, म्हणजे रानकुत्रा, हा निराळाच प्राणी असे समजून त्यांनी त्याला दख्खनचे नाव दिले. पण पालास नावाच्या शास्त्रज्ञाने इ. स. १८११ मध्येच या जातीचे वर्णन केलेले होते.

माशांच्या बाबतीत त्यांनी एक वेगळीच गोष्ट केली. पुढे कोणी अभ्यासक नदीवर गेला, तर त्याला तो मासा मागता आला पाहिजे, म्हणून त्यांनी लोकांच्या तोंडचीच नावे लॅटिन नावांस जोडली. ‘खुद्री’, ‘कोलस’, ‘टाकरी’ हे शब्द अशा रीतीने जगातील ग्रंथालयांत पोहोचले. जाळे टाकून ते मासे काढणारांचे नाव मात्र एकाही माशाला मिळाले नाही.

विलायतेत साइक्स रॉयल सोसायटीचे सभासद झाले. इ. स. १८५६ मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले व पुढील वर्षी पार्लमेंटात निवडून आले. १६ जून १८७२ रोजी लंडन येथे त्यांचे देहावसान झाले.