बडी हॉलीचा अपुरा हिशेब

रॉक अँड रोल म्हणजे पोरवयातील धांगडधिंगा, असे समीकरण आपल्याकडील सुशिक्षितांच्या मनात फार काळ रुजून राहिले. त्या संगीताचा एक आद्य प्रवर्तक बडी हॉली याचे चरित्र मात्र अर्थशास्त्राच्या अध्यापकालाही विचार करावयास लावणारे आहे.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात लबक येथे ७ सप्टेंबर १९३६ रोजी त्याचा जन्म झाला. १९५६ साली एका ध्वनिमुद्रिका कंपनीच्या करारपत्रात त्याच्या आडनावातील एक अक्षर गळाले. ते चुकीचे नावच त्याने पुढे चालविले. कंपनीने त्याची गाणी मुद्रित केली, पण ती चालली नाहीत.

१९५७ च्या फेब्रुवारीत तो साथीदारांसह न्यू मेक्सिको राज्यातील क्लोव्हिस गावी नॉर्मन पेटी यांच्या ध्वनिमुद्रणगृहात गेला. पेटी तासावर भाडे न आकारता गाण्यागणिक पैसे घेत. बाब क्षुल्लक वाटेल. पण घड्याळाची धास्ती सरल्याने या मुलांना मनसोक्त प्रयोग करता आले. 'एव्हरीडे' या गाण्यात ढोल बाजूला ठेवून मांडीवर थापा मारून ताल धरला आहे. एका गाण्यात हॉलीने स्वतःच्याच आवाजावर स्वतःचा दुसरा आवाज चढविला. तेथेच मुद्रित झालेले 'दॅटल बी द डे' त्या वर्षी अमेरिकेत व ब्रिटनमध्ये अग्रस्थानी पोहोचले.

परंतु हेच पेटी त्याचे व्यवस्थापकही झाले. अनेक गाण्यांवर सहकर्ता म्हणून त्यांचे नाव लागले आणि मिळकतीच्या किल्ल्या त्यांच्याच हाती राहिल्या. १९५८ च्या अखेरीस संबंध तुटले तेव्हा हॉलीचा पैसा अडकून पडला. ऑगस्टमध्ये लग्न झालेले, बिऱ्हाड न्यूयॉर्कसारख्या महागड्या शहरात. निरुपायाने त्याने जानेवारी १९५९ मधील हिवाळी दौरा स्वीकारला. बसमधील उष्णतेची सोय बंद पडली. हिमदंश झाल्याने ढोलवादकाला इस्पितळात ठेवावे लागले. २ फेब्रुवारीला आयोवा राज्यातील क्लिअर लेक येथील कार्यक्रमानंतर हॉलीने लहान विमान भाड्याने ठरविले, माणशी ३६ डॉलर दराने. मध्यरात्रीनंतर ते एका शेतात कोसळले. हॉली, त्याचे दोन सहगायक व वैमानिक, चौघेही ठार झाले. हॉली २२ वर्षांचा होता. चौकशीत खराब हवामान व वैमानिकाचा निर्णय यांवर ठपका आला. त्या थंडीत हिंडण्याची वेळ त्याच्यावर का आली, हा प्रश्न चौकशीच्या कक्षेत बसणारा नव्हता.

यशाचा काळ जेमतेम दीड वर्षाचा. तरीही स्वतः रचून स्वतः गाणे आणि दोन गिटार, एक बास व ढोल एवढ्यावर वाद्यवृंद उभा करणे, ही घडण त्याच्यामुळे रूढ झाली. लिव्हरपूलच्या काही मुलांनी १९५८ साली आपली पहिली तबकडी मुद्रित केली, तीवर 'दॅटल बी द डे' हेच गाणे होते. त्याच्या 'क्रिकेट्स' या वृंदाप्रमाणे त्यांनीही पुढे कीटकाचे नाव घेतले, बीटल्स. त्यांच्यापैकी पॉल मॅकार्टनी हा विशेष व्यवहारी निघाला. १९७० नंतरच्या दशकात हॉलीच्या गाण्यांचे प्रकाशनहक्क त्याने रीतसर विकत घेतले.