ट्रेलरच्या मागच्या लोखंडी दांड्याला हॉलिवूडच्या नटीचं नाव कसं पडलं?

अमेरिकेतल्या हायवेचे व्हिडिओ बघताना मोठ्या ट्रेलरच्या मागे, खाली लटकणारा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा आडवा दांडा तुम्ही पाहिला असेल. तिथे त्याला 'मॅन्सफिल्ड बार' म्हणतात. हे नाव कुणा इंजिनिअरचं नाही, तर जेन मॅन्सफिल्ड या अभिनेत्रीचं आहे.

जेनचा जन्म १९ एप्रिल १९३३ चा, पेनसिल्व्हेनियातला. ती तीन वर्षांची असताना वडील गाडी चालवता चालवताच हार्ट अटॅकने गेले. पुढे आईने दुसरं लग्न केलं आणि कुटुंब टेक्सासला गेलं. जेन पियानो आणि व्हायोलिन वाजवायची, पण हॉलिवूडला तिच्यात दिसली ती फक्त मेरिलिन मन्रोची पर्यायी नटी. १९५५ मध्ये ब्रॉडवेवरच्या एका नाटकाने ती गाजली, १९५६ चा 'द गर्ल कान्ट हेल्प इट' हिट झाला आणि पुढच्या वर्षी तिला गोल्डन ग्लोब मिळाला. १९५८ मध्ये तिने 'मिस्टर युनिव्हर्स' मिकी हार्गिटेशी लग्न केलं. त्यांचा गुलाबी बंगला आणि त्यातला हृदयाच्या आकाराचा स्विमिंग पूल तेव्हा पेपरवाल्यांचा आवडता विषय होता.

साठच्या दशकात मात्र मोठे सिनेमे मिळेनासे झाले. पाच मुलांची ही आई नाइट क्लबमध्ये शो करत गावोगाव फिरू लागली.

२८ जून १९६७ ला मिसिसिपीतल्या बिलॉक्सीमध्ये असाच शो झाला. दुसऱ्या दिवशी न्यू ऑर्लिन्सला टीव्हीवर मुलाखत होती, म्हणून रात्रीच सगळे ब्युइक गाडीतून निघाले. पुढच्या सीटवर जेन, तिचा वकील मित्र आणि ड्रायव्हर. मागे तीन मुलं झोपलेली, वयं आठ, सहा आणि तीन.

रात्री दोननंतर रस्त्यावर डास मारण्यासाठी फवारणी चालू होती. त्या धुरात एका ट्रेलरने वेग कमी केला आणि ब्युइक मागून थेट त्याच्या खाली घुसली. पुढचे तिघेही जागीच गेले. मागची तिन्ही मुलं वाचली. जेन ३४ वर्षांची होती. तिचं शीर धडावेगळं झालं ही गोष्ट आजही फिरते, ती खोटी आहे. मृत्यू डोक्याला झालेल्या भयानक इजेने झाला.

गाडी खाली घुसली की नेमकं काय होतं? समोरासमोरच्या धडकेत बंपर, बॉनेट आणि इंजिन मार झेलतात. ट्रेलरचा तळ मात्र काचेच्या उंचीवर असतो. त्यामुळे गाडीचा पुढचा भाग अलगद खाली सरकतो आणि पहिला मार बसतो तो काचेला, छताला आणि माणसांच्या डोक्याला.

खरं तर ट्रेलरला मागे गार्ड हवा, हा नियम अमेरिकेत १९५३ पासूनच होता. पण तो जमिनीपासून ३० इंच, म्हणजे ७६ सेंटिमीटर उंच असला तरी चालायचं. कारला खाली घुसायला तेवढी जागा भरपूर झाली. जेनच्या मृत्यूनंतर कडक नियमाची चर्चा सुरू झाली, प्रस्तावही आला. १९७१ मध्ये सरकारने तो गुंडाळला, कारण खर्चाच्या मानाने फायदा कमी वाटला! २२ इंचांची मर्यादा आणि मजबुतीची अट लागू झाली थेट १९९८ मध्ये, तीही नव्या ट्रेलरपुरती.

मग कमकुवत गार्डमुळे माणूस गेला तर जबाबदार कोण? सरकारी नियम पाळला, हे कंपन्यांचं नेहमीचं उत्तर. पण कोर्टात नियम पाळणं म्हणजे सुटका असं नसतं. त्याहून सुरक्षित डिझाइन शक्य होतं का आणि कंपनीला धोका माहीत होता का, हेही ज्युरी बघते. २०१९ मध्ये एका ट्रेलरखाली गाडी घुसून दोन तरुण गेले. त्या खटल्यात सप्टेंबर २०२४ मध्ये सेंट लुईसच्या ज्युरीने ट्रेलर बनवणाऱ्या वाबॅश कंपनीला ४६ कोटी २० लाख डॉलर भरायला सांगितले. त्यातले ४५ कोटी निव्वळ दंड म्हणून होते. हा दंड नंतर कोर्टाने बराच कमी केला.

ब्युइकमध्ये मागे झोपलेली ती तीन वर्षांची मुलगी म्हणजे 'लॉ अँड ऑर्डर: एसव्हीयू'ची नायिका मारिस्का हार्गिटे. २०२५ मध्ये तिने आईवर डॉक्युमेंटरी केली. मागच्या गार्डचे नियम २०२२ मध्ये आणखी कडक झाले. बाजूने घुसणाऱ्या गाड्यांसाठी ट्रेलरला साइड गार्ड लावण्याची सक्ती मात्र अमेरिकेत अजून झालेली नाही.