टोपलीतला चेंडू

बास्केटबॉल म्हटले की साडेसहा फूट उंचीचे, वाऱ्यासारखे धावणारे खेळाडू डोळ्यांपुढे येतात. पण ज्या जेम्स नायस्मिथ यांनी हा खेळ शोधला, त्यांनी तो अशा निष्णातांसाठी काढलाच नव्हता.

नायस्मिथ यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात झाला. जेम्स नऊ वर्षांचा होतो न होतो तोच आईवडील दोघेही विषमज्वराने गेले. पुढे तो मामाकडे वाढला. त्या खेड्यातील मुले दगडांचा एक खेळ खेळत. मोठ्या खडकावर एक धोंडा ठेवायचा, एकाने त्याची राखण करायची व बाकीच्यांनी लांबून दगड मारून तो पाडायचा. आपल्या लगोरीची आठवण व्हावी असाच हा प्रकार. नेम चुकला की आपला दगड राखणदाराने शिवण्याआधी उचलून आणावा लागे. जोराने भिरकावलेला दगड दूर जाई आणि तो आणणारा सापडे. म्हणून हलकेच, उंच कमान काढून दगड टाकणाराच शहाणा ठरे. हा दगड पुढे कोठे पडला ते सांगतोच.

पंधराव्या वर्षाच्या सुमारास जेम्सने शाळा सोडली व तो जंगलात लाकूडतोडीला गेला. काही वर्षांनी तो आपल्याहून लहान मुलांच्या शेजारी पुन्हा बाकावर बसला. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणून या चरित्रातील हीच गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. १८८३ साली त्याने मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात प्रवेश घेतला. पदवीनंतर धर्मशास्त्राचे शिक्षणही झाले. मात्र धर्मोपदेशक होण्याऐवजी त्याने व्यायामशिक्षकाचा मार्ग धरला. बहिणीला ते रुचले नाही.

१८९१ च्या हिवाळ्यात नायस्मिथ अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात शिकवीत होते. बाहेर बर्फ आणि आत त्याच त्या कवायतीला विटलेले अठरा विद्यार्थी. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी चौदा दिवसांत नवा खेळ काढण्यास सांगितले. फुटबॉल, लॅक्रॉस छताखाली आणून पाहिले, पण धसमुसळेपणा वाढला. तेव्हा त्यांनी विचार केला, की चेंडू घेऊन धावण्यास मनाई केली तर कोणी कोणाला पाडणार नाही. आणि लक्ष्य डोक्यावर, आडवे ठेवले तर जोराचा उपयोगच उरणार नाही. चेंडू कमान काढूनच टाकावा लागेल. लहानपणीचा दगड तो हा असा! शिपायाने पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या, त्या दहा फूट उंचीवरील सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. तेरा नियम टंकलिखित करून फलकावर लावले. २१ डिसेंबरला नऊ-नऊ जणांचा पहिला सामना झाला, त्यात एकच गोल झाला. टोपलीला बूड असल्याने चेंडू शिडीवर चढून काढावा लागे. हे नियम प्रथम छापून आले ते 'ट्रँगल' या विद्यालयाच्याच नियतकालिकात, १५ जानेवारी १८९२ रोजी. आपल्या वार्षिकांकाकडे नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

त्याच सुमारास जवळच्या शाळेतील काही शिक्षिकांनी आम्हालाही खेळू द्या म्हणून विचारले. नायस्मिथ यांनी आनंदाने होकार दिला. त्या खेळाडूंपैकी मॉड शर्मन यांच्याशी १८९४ साली त्यांचा विवाह झाला. स्प्रिंगफील्डलाच शिकलेल्या हॅरी बक यांनी १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले.

नायस्मिथ वैद्यकीची पदवी घेऊन १८९८ साली कॅन्सस विद्यापीठात आले. प्रशिक्षक म्हणून त्यांच्या नावावर ५५ विजय आणि ६० पराभव आहेत. खेळाच्या जनकाचाच संघ हरतो, याचे हसू येईल. पण डावपेच शिकविण्यापेक्षा मुलांनी खेळावे, यातच त्यांना गोडी होती. १९३० नंतरच्या काळात जॉन मॅक्लेंडन हा कृष्णवर्णीय विद्यार्थी तेथे आला. वर्णभेदामुळे त्याला विद्यापीठाच्या संघात जागा नव्हती. नायस्मिथ यांनी त्याला आपल्या हाताखाली घेतले. पुढे तो नामवंत प्रशिक्षक झाला.

१९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आला. नायस्मिथ यांना तेथे जाता यावे म्हणून सामन्यांच्या तिकिटांतून एकेक पेनी जमविण्यात आली. अंतिम सामना उघड्या मैदानात, भर पावसात, चिखलात झाला व अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरविले.

२८ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. खेळाचे पेटंट त्यांनी घेतले नव्हते. फलकावरची ती दोन टंकलिखित पाने २०१० साली लिलावात ४३ लाख डॉलरला गेली.