उसन्या बळाचे इंजिन

ज्याच्या नावाने जगात एक इंजिन ओळखले जाते, त्या फेलिक्स वांकेल या जर्मन गृहस्थाकडे मोटार चालवण्याचा परवाना कधीच नव्हता. दृष्टी फार अधू. अभियांत्रिकीची पदवी नाही आणि विद्यार्थी म्हणून विद्यापीठाची पायरीही चढलेली नाही. तरीही पिस्टनच्या वर-खाली धावपळीवर पोसलेल्या मोटारधंद्याला, काही वर्षे का होईना, आपले दिवस भरत आले असे वाटायला लावण्याची किमया या माणसाने केली. त्याच्या आयुष्याची हकिकत वाचू लागले की दोन गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येतात. एक बारीक फट आणि दुसरे उसने बळ.

१३ ऑगस्ट १९०२ रोजी बाडेन प्रांतातील लार या गावी वांकेलचा जन्म झाला. वडील वनखात्यात होते. पहिले महायुद्ध सुरू झाले त्याच वर्षी, १९१४ मध्ये, ते रणांगणावर कामी आले आणि आई एकुलत्या एका मुलाला घेऊन हायडेलबर्गला आली. घरात पैशाची ओढाताण, मुलाचे अभ्यासात लक्ष बेताचे. १९२१ मध्ये शेवटची परीक्षा न देताच त्याने शाळा सोडली आणि हायडेलबर्गमधल्या एका ग्रंथप्रकाशकाकडे नोकरी धरली. दिवसा पुस्तकांची उस्तवार आणि फावल्या वेळात यंत्रांची आकडेमोड. १९२४ मध्ये त्याने स्वतःचा छोटा कारखाना थाटला.

त्याला खटकत होते ते नेहमीचे इंजिन. सिलिंडरमधला दट्ट्या वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. मिनिटाला हजारो वेळा ही धावाधाव करायची आणि शेवटी तिचे रूपांतर गोल फिरण्यात करायचे. मग मुळातच गोल का फिरू नये? हा प्रश्न वांकेलच्या आधीही अनेकांना पडला होता आणि फिरत्या इंजिनांचे आराखडे कमी नव्हते. सगळ्यांचे घोडे एकाच जागी अडत होते. दट्ट्याभोवती गोल कडी बसवून वायू कोंडता येतो. विचित्र आकाराच्या फिरत्या भागाच्या टोकाशी तो कसा कोंडायचा? तिथल्या फटीतून दाब निसटला की सारे मुसळ केरात. खरा प्रश्न आकाराचा नाही, फट बुजवण्याचा आहे, हे वांकेलने ओळखले आणि पुढची तीस वर्षे तो त्या फटीच्या मागे लागला.

आता त्याच्या आयुष्यातल्या अवघड भागाकडे यायला हवे, कारण तो वगळून लिहिलेले वांकेलचे चरित्र म्हणजे अर्धवट ताळेबंद ठरेल. १९२२ मध्ये, विशीत असतानाच, तो नाझी पक्षाचा सभासद झाला. बाडेनमध्ये पक्षाच्या तरुणांच्या संघटनेत त्याने पुढारपणही केले. १९३२ मध्ये प्रांताचा पक्षप्रमुख रॉबर्ट वाग्नर याच्याशी त्याचे बिनसले. त्याने वाग्नरवर भ्रष्टाचाराचा आरोप केला. हिटलर सत्तेवर येताच वाग्नरने उट्टे काढले आणि १९३३ मध्ये वांकेलला लारच्या तुरुंगात काही महिने डांबले. त्याची सुटका झाली ती हिटलरचा आर्थिक सल्लागार विल्हेल्म केपलर याच्या मध्यस्थीने. म्हणजे ज्या सत्तेने कोंडले, तिच्याच वरच्या मजल्यावरून दार उघडले गेले. या उपकाराची परतफेड अटळ होती.

१९३६ मध्ये कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या लिंडाऊ गावी जर्मन विमान मंत्रालयाच्या पैशावर वांकेलची प्रयोगशाळा उभी राहिली. विमानांच्या इंजिनांसाठी फिरत्या झडपा बनवणे हे तिथले मुख्य काम. काम होते फट बुजवण्याचेच, पण आता तिजोरी राज्याची होती आणि हेतू युद्धाचा. १९४० मध्ये त्याला एसएस या कुप्रसिद्ध दलात हुद्दा मिळाला आणि दोन वर्षांत त्याला तिथून काढूनही टाकण्यात आले. त्याने कोणाचा जीव घेतल्याची नोंद नाही, पण ज्यांनी कोट्यवधी जीव घेतले त्यांची यंत्रे अधिक चांगली चालावीत म्हणून तो झटत होता, हे नाकारता येत नाही.

याच काळात जर्मन लढाऊ विमानांत आणखी एक युक्ती वापरात आली. उंचावर हवा विरळ होते आणि हवा दाबून भरणारा पंखाही तिथे अपुरा पडतो. तेव्हा इंजिनात नायट्रस ऑक्साइड सोडायचे. दंतवैद्य भूल देण्यासाठी वापरतात तोच हा वायू. तापल्यावर तो फुटतो आणि त्यातून नत्रवायू व प्राणवायू मोकळे होतात. साध्या हवेत वजनाने सुमारे २३ टक्के प्राणवायू असतो, या वायूत सुमारे ३६ टक्के. प्राणवायू जास्त म्हणजे इंधन जास्त जाळता येते आणि बळही जास्त. टाकी रिकामी होईपर्यंतचे हे उसने बळ. वांकेलच्या झडपा आणि हा वायू, दोन्ही एकाच हवाई दलाच्या सेवेत होते. पुढे काही दशकांनी, अगदी वेगळ्या जागी, त्यांची गाठ पडायची होती.

युद्ध संपले. फ्रेंच सैन्याने प्रयोगशाळा उखडून नेली आणि वांकेलला काही काळ कैदेत ठेवले. १९५१ च्या सुमारास त्याने पुन्हा मांडामांड केली आणि नेकार्सउल्म येथील एनएसयू या मोटारसायकल कंपनीशी करार केला. १९५४ मध्ये त्याला हवा तो आकार सापडला. भुईमुगाच्या शेंगेसारखी मध्ये किंचित दबलेली पोकळी आणि तिच्यात फिरणारा फुगीर बाजूंचा त्रिकोण. त्रिकोणाच्या तीन बाजू म्हणजे तीन खोल्या. हवा घेणे, दाबणे, जाळणे आणि धूर टाकणे ही चारही कामे फिरता फिरताच होतात. झडपा नाहीत, वर-खाली आदळआपट नाही. पहिले इंजिन १ फेब्रुवारी १९५७ रोजी सुरू झाले. त्यात बाहेरचे कवचही फिरत असे, त्यामुळे ठिणगीचा प्लग बदलायचा तरी इंजिन खोलावे लागे. एनएसयूमधील हान्स डीटर पाश्के या अभियंत्याने कवच स्थिर केले आणि ते व्यवहारात आणले. हा बदल वांकेलला मुळीच रुचला नाही. जगात पसरले ते मात्र पाश्केचे रूप आणि वांकेलचे नाव.

फट मात्र संपली नव्हती. त्रिकोणाच्या प्रत्येक टोकाला खाचेत बसवलेली एक पट्टी असते. मेकॅनिक तिला सील म्हणतात. साऱ्या इंजिनाचा जीव त्या पट्टीत. एनएसयूची रो ८० ही देखणी मोटार १९६७ मध्ये आली, तिला वर्षातील सर्वोत्तम मोटारीचा युरोपीय मानही मिळाला. पण पट्ट्या झिजत आणि हमीच्या मुदतीत इंजिनेच्या इंजिने बदलून द्यावी लागत. एनएसयू खचली आणि १९६९ मध्ये फोक्सवागेनच्या पदरात गेली. जपानमध्ये हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कंपनीने, म्हणजे माझदाने, १९६१ मध्येच परवाना घेतला होता. तिथे पट्टी कवचाच्या आतल्या भिंतीवर ओरखडे उठवी, त्यांना अभियंत्यांनी सैतानाच्या नखांचे नाव दिले होते. केनिची यामामोतो यांच्या तुकडीने ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची पट्टी बनवून १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आणली.

१९७१ मध्ये वांकेलने आपले हक्क विकले आणि तो श्रीमंत झाला. दोन वर्षांनी तेलसंकट आले. इंधन अधिक पिणाऱ्या या इंजिनाकडे मग बहुतेक कंपन्यांनी पाठ फिरवली, एक माझदा टिकून राहिली. मूलबाळ नसलेल्या वांकेलने पैशाचा एक भाग मुक्या जनावरांसाठी ठेवला. प्रयोगशाळांत प्राण्यांचे हाल होऊ नयेत म्हणून चाललेल्या संशोधनाला १९७२ पासून त्याच्या नावाचे पारितोषिक सुरू झाले. प्राण्यांच्या यातनांनी व्याकूळ होणारा हा माणूस माणसांच्या यातनांच्या काळात कोणत्या गणवेशात होता, हा प्रश्न त्या पारितोषिकाने पुसला जात नाही. आणि त्या गणवेशामुळे पारितोषिक खोटे ठरत नाही. ९ ऑक्टोबर १९८८ रोजी हायडेलबर्गमध्ये त्याचे निधन झाले.

पुढची गोष्ट त्याने पाहिली नाही. १९९१ मध्ये माझदाच्या चार रोटरच्या गाडीने फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली आणि त्याच वर्षी तिसऱ्या पिढीची आरएक्स-७ आली, दोन टर्बोचार्जर लावलेली. या इंजिनातून धूर मोठ्या तापाने आणि झटक्याने बाहेर पडतो, म्हणून त्याच्यावर फिरणारा टर्बो त्याला मानवतो. पण टर्बोला वेग घ्यायला क्षणभर लागतो. तेवढाही धीर नसलेल्या हौशी लोकांनी डिकीत नायट्रस ऑक्साइडची बाटली ठेवली. महायुद्धातली ती दोन कामे अशी एका बॉनेटखाली आली. द्रवरूप वायू बाहेर येताना हवेला थंड करतो, टर्बो जागा होईपर्यंतची उणीव भरतो आणि पाठीत धक्का बसावा तशी गाडी पुढे झेपावते.

बँकेत उमेद घालवलेल्या माणसाला उसनवारीचे गणित चटकन कळते. कर्ज कितीही मिळो, ते पेलण्याची ताकद तारणात हवी. जादा प्राणवायूबरोबर तितकेच जादा पेट्रोल गेले पाहिजे आणि ठिणगीही थोडी उशिरा पडली पाहिजे. हिशेब किंचित चुकला, पेट्रोल कमी पडले, की आत अवेळी स्फोट होतो. पिस्टनचे इंजिन असे एखाद-दोन तडाखे कदाचित सोसते. इथे मात्र तडाखा बसतो तो टोकावरच्या जेमतेम दोन मिलिमीटर जाडीच्या पट्टीवर. ती तडकते, तिचे तुकडे धुराबरोबर बाहेर पडून टर्बोची पातीही तोडतात. वसुली नेमकी त्या फटीपाशी होते, जिच्यामागे वांकेलने तारुण्य घातले.

त्याच्या इंजिनाला खरा मान मिळाला तो बेताने वापरणाऱ्यांकडे. आपल्याकडे बंगळूरच्या दोन प्रयोगशाळा आणि अहमदनगरची, आजच्या अहिल्यानगरची, वाहन संशोधन संस्था यांनी मिळून सुमारे तीस किलो वजनाचे वांकेल इंजिन तयार केले. २००९ मध्ये कोलारजवळ निशांत हे वैमानिकरहित विमान त्यावर उडाले. माझदानेही २०२३ मध्ये एका विजेच्या मोटारीत, बॅटरी भरण्यापुरते, छोटेसे फिरते इंजिन परत आणले. ते चाकांना बळ देत नाही, नुसते एका लयीत फिरते.

वांकेलला बुद्धी उसनी घ्यावी लागली नव्हती. घाई झाली म्हणून त्याने बळ उसने घेतले, आणि तेही कोणाकडून, हे न पाहण्याइतका तो भाबडा नव्हता. इंजिनाची पट्टी तुटली तर नवी बसवता येते. त्याच्या चरित्रातली ती फट मात्र अजून तशीच आहे, आणि ती बुजवण्याची घाई आपण करू नये हेच बरे.