शिक्षा नेमकी कुणाला?

बिली हॉलिडेचा आवाज म्हणजे जॅझ संगीताचे वैभव! पण १९१५ साली जन्मलेल्या या कृष्णवर्णीय मुलीचे बालपण बाल्टिमोरच्या गरिबीत करपले. १९२६ मध्ये, अवघ्या अकराव्या वर्षी, शेजाऱ्याने तिच्यावर अत्याचार केला. त्याला जेमतेम तीन महिन्यांची कैद झाली. तिची रवानगी मात्र सुधारगृहात! चौदाव्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये देहविक्रयाच्या आरोपावरून ती कैदेत गेली. पुढे कीर्ती मिळाली, जखम भरली नाही. १९४७ मध्ये अमली पदार्थांपायी पुन्हा कारावास; सुटल्यावर न्यूयॉर्कच्या नाइट क्लबांत गाण्याचा परवानाही मिळेना. १९५९ मध्ये मृत्युशय्येवरही पोलिसांनी तिला अटक केली. वय होते ४४. अकरा वर्षांच्या त्या पोरीला कुलपाआड कोंडण्याऐवजी कुणी मायेने जवळ घेतले असते तर?